लॅमिंग्टन रोडवरच्या दादांना अनावृत पत्र: एका संगणकाचे येणे-देणे

आदरणीय दादा,

सप्रेम नमस्कार.

तुमचे आभार मानण्याचा मी दोनदा प्रयत्न केला आणि दोन्ही वेळा तुम्ही "त्यात काय एवढं, ताई" असे म्हणून समोरच्या उघड्या लॅपटॉपमध्ये पुन्हा डोके घातलेत. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे. त्यात तुमचे नाव घालत नाही, कारण ते तुम्हाला आवडणार नाही. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गावर, म्हणजे आपल्या सगळ्यांच्या लॅमिंग्टन रोडवर, पहिल्या मजल्याच्या जिन्यापाशी बसून सोल्डरिंग करणारे दादा, एवढी ओळख पुरे आहे.

तुमच्याकडे मी प्रथम आले ती खरे तर जुन्या संगणकाची हार्डडिस्क दाखवायला. हातात जवळच्याच दुसऱ्या एका दुकानाने लिहून दिलेली यादी होती. तिथे मी गेमिंगसाठी संगणक घरी जोडणार आहे आणि पुढे तो ओव्हरक्लॉक करणार आहे, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणार आहे, असे सांगितल्यावर "मुलासाठी का?" असा प्रश्न आला होता, आणि "नाही, माझ्यासाठी" या उत्तरानंतर एकही प्रश्न आला नव्हता. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, पतपेढीत हिशेब लिहिणारी बाई गाड्यांच्या शर्यती खेळते, हे त्या गृहस्थांना पचले नसावे. तुम्ही मात्र काय खेळता, मॉनिटर किती रिझोल्यूशनचा आहे, संगणक कोणत्या खोलीत ठेवणार आणि तिथे एसी आहे का, एवढे विचारून झाल्यावरच यादीला हात लावलात.

यादी वाचून तुम्ही पेन्सिलीने एकाच ओळीभोवती गोल केलात. प्रोसेसर एएमडी कंपनीचा रायझन ५ ७६००एक्स होता आणि मदरबोर्ड, म्हणजे सगळे भाग जिच्यावर जोडतात ती पाटी, ए६२० चिपसेटचा. बोर्डावर काय काय करता येईल हे चिपसेट ठरवतो. दोन्ही एएम५ सॉकेटचेच, म्हणजे प्रोसेसर बसवायची जागा एकाच प्रकारची, त्यामुळे प्रोसेसर बोर्डात व्यवस्थित बसला असता, संगणक सुरूही झाला असता, आणि ज्या कामासाठी मी हा सगळा खटाटोप करत होते ते काम त्या बोर्डावर मला कधीच करता आले नसते, कारण प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्याची सोय एएमडीने ए६२० मध्ये ठेवलेलीच नाही. त्यासाठी निदान बी६५० लागतो. "बसणं वेगळं, जुळणं वेगळं," असे तुम्ही म्हणालात. इंटेलकडे लोक याच्या उलट चूक करतात, हेही तुम्ही त्याच दमात सांगितलेत: झेड७९० चा महागडा बोर्ड घ्यायचा आणि त्यावर नावापुढे 'के' नसलेला, म्हणजे वेग ठरवणाऱ्या मल्टिप्लायरला (गुणकाला) कुलूप असलेला प्रोसेसर बसवायचा. बोर्डासाठी मोजलेले जास्तीचे पैसे मग पाण्यात.

त्यानंतर तुम्ही कुरियरच्या पाकिटाची पाठकोरी बाजू माझ्यापुढे सरकवलीत आणि प्रत्येक भागापुढे तो इतर भागांकडून काय मागतो ते लिहायला लावलेत. कोणता भाग चांगला, हा प्रश्न तुम्ही मला त्या दिवशी विचारूच दिला नाहीत. मी आयुष्यभर लोकांचे येणे-देणे लिहिलेले असल्यामुळे ही रीत मला लगेच उमजली. प्रोसेसर बोर्डाकडून सॉकेट, चिपसेट आणि बायोसची (बोर्डातल्या मूळ सॉफ्टवेअरची) आवृत्ती मागतो, एसएमपीएसकडून (वीज पुरवणाऱ्या डब्याकडून) वॅट मागतो, कूलरकडून उष्णता वाहून नेण्याची ताकद मागतो, आणि कूलर पुन्हा कॅबिनेटकडून उंची मागतो. घरी येऊन मी त्याची रीतसर खतावणीच केली. ते पाकीट अजून माझ्याकडे आहे.

या खतावणीतली एक नोंद मी येथे मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण तिने मला तीन रात्री झोपू दिले नाही. मला दिव्यांची रॅम (संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीच्या पट्ट्या) हवी होती. तिची उंची ४४ मिलिमीटर. कूलर मी दोन मनोऱ्यांचा, म्हणजे धातूच्या पात्यांचे दोन उभे गठ्ठे असलेला, १६० मिलिमीटर उंचीचा निवडला होता आणि कॅबिनेट १६५ मिलिमीटरपर्यंतचा कूलर सामावून घेणारे होते, तेव्हा पाच मिलिमीटर हातचे राखून मी निश्चिंत होते. पण अशा कूलरचा पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येतो आणि त्याच्याखाली जागा होती ३२ मिलिमीटर. पंखा १२ मिलिमीटर वर सरकवला की तो १७२ वर जातो आणि कॅबिनेटची काच बंद होत नाही. रॅमवरच्या शोभेच्या दिव्यांमुळे काच बसत नाही, हे मला कोणत्याही जाहिरातीने सांगितले नसते. तुम्ही फोनवर फक्त "रॅमची उंची लिहिलीत का?" एवढेच विचारलेत आणि बाकीचे गणित मला करू दिलेत. शेवटी एका मनोऱ्याचा कूलर आणि ३५ मिलिमीटरची साधी काळी रॅम घेतली, आणि आता तिच्या साधेपणाचे मला काहीच वाटत नाही. त्याच हिशेबात रॅमच्या चार पट्ट्यांचा माझा हट्टही सुटला. या प्रोसेसरला दोन पट्ट्यांवर अधिकृतपणे ५२०० चा वेग मिळतो आणि चार पट्ट्यांवर तो ३६०० पर्यंत खाली येतो, तेव्हा १६ जीबीच्या दोनच पट्ट्या घ्यायच्या आणि प्रोसेसरपासून मोजत दुसऱ्या व चौथ्या खाचेत बसवायच्या, असे ठरले.

ग्राफिक्स कार्डाचे प्रकरण लवकर आटोपले. आरटीएक्स ४०७० सुपर घ्यायचे होतेच. त्याचे मला आवडलेले तीन पंख्यांचे मॉडेल ३३८ मिलिमीटर लांब होते आणि कॅबिनेटच्या खोक्यावर ३५५ लिहिले होते. ते ३५५ पुढचे पंखे न लावता मोजलेले असते आणि पंखा २५ मिलिमीटर जाड असतो, हे तुम्ही सांगितल्यावर मी आखूड मॉडेल घेतले. वॅटचा हिशेबही सरळ निघाला: कार्डाचे २२०, प्रोसेसरचे पूर्ण ताणाखाली १४२, उरलेल्या सगळ्याचे साठेक. कार्डासाठी ६५० वॅटची शिफारस आहे. क्षणिक झटके आणि माझे ओव्हरक्लॉकिंग धरून तुम्ही ७५० वॅटचा गोल्ड एसएमपीएस सुचवलात आणि १००० च्या मोहात पडू दिले नाहीत. घरातला ६०० व्हीएचा जुना यूपीएस जेमतेम ३६० वॅट पेलतो, म्हणून तो आता राउटरची सेवा करतो.

पण दादा, हे पत्र लिहिण्याचे खरे कारण एक केबल आहे. जुन्या एसएमपीएसच्या पिशवीतली एक साटा केबल (हार्डडिस्कला वीज देणारी) मी घेऊन आले होते, कारण नव्या एसएमपीएसबरोबर आलेली केबल माझ्या हार्डडिस्कपर्यंत पोहोचायला थोडी आखूड पडत होती. जुनी केबल नव्या एसएमपीएसच्या खाचेत टक्क आवाज करून बसली. मी खुशीत होते. तुम्ही काही न बोलता हार्डडिस्क बाजूला ठेवलीत, एसएमपीएस सुरू केलात आणि केबलच्या टोकाला मल्टिमीटर लावून मला आकडा वाचायला सांगितलेत. जिथे ५ व्होल्ट असायला हवे होते तिथे १२ च्या आसपास दिसत होते. डिस्ककडचे टोक सगळ्या कंपन्यांचे सारखे असते, परंतु एसएमपीएसकडच्या टोकाला कोणती तार कुठे यावी याचे सामाईक प्रमाण नाही आणि प्रत्येक कंपनी आपापल्या सोयीने ती लावते, हे तुम्ही मला त्यानंतर समजावलेत. त्या डिस्कवर माझ्या वडिलांच्या शेवटच्या आठ-दहा वर्षांचे सगळे फोटो आहेत आणि त्यांची दुसरी प्रत तेव्हा नव्हती. आता आहे. ती केबल तुम्ही तुमच्या खणात टाकलीत आणि मला परत दिली नाहीत, याबद्दलही आभार.

जोडणी मी गिरगावातल्या घरी, जेवणाच्या टेबलावर, एका रविवारी केली. सॉकेटमधल्या १७१८ पिनांपैकी एखादी वाकली तर वॉरंटीचे वांधे होतात, म्हणून प्रोसेसर ठेवताना श्वास रोखून धरला होता, आणि सॉकेटवरचे काळे प्लॅस्टिकचे झाकण तुम्ही बजावल्याप्रमाणे खोक्यात जपून ठेवले आहे. रात्री पावणेदहाला बटण दाबले. पंखे फिरले, बोर्डावर रॅमचा पिवळा दिवा लागला आणि पडदा काळाच राहिला. एक मिनिट गेले, दोन गेली. मी तुम्हाला फोन केला तेव्हा तुम्ही जेवत होतात. "ताई, बटणाला हात लावू नका. चहा टाका," असे म्हणालात. डीडीआर५ रॅम पहिल्यांदा सुरू होताना बोर्ड तिच्याशी जुळवून घेतो आणि त्याला काही मिनिटे लागतात, हे मला नंतर कळले. त्या क्षणी मला फक्त एवढेच कळत होते की मी सव्वा लाख रुपये जाळले आहेत. चहाला उकळी येत होती तेव्हा पडदा उजळला.

एक्स्पो प्रोफाइल, म्हणजे रॅमला तिच्या खोक्यावर लिहिलेल्या वेगाने चालवणारी बायोसमधली सोय, चालू करण्याआधी बायोस अद्ययावत करा, हा तुमचा आग्रह मला तेव्हा अतिकाळजीचा वाटला होता. २०२३ च्या एप्रिलमध्ये एएम५ वरचे काही एक्स३डी (जास्तीची कॅश स्मृती असलेले) प्रोसेसर जळाल्याचे समोर आले आणि त्यानंतर एएमडीने नव्या बायोसमधून प्रोसेसरच्या एसओसी भागाला मिळणाऱ्या व्होल्टेजला १.३ व्होल्टची मर्यादा घातली, हे वाचल्यावर माझे मत बदलले. माझा प्रोसेसर एक्स३डी नाही, तरीही. आता रॅम ६००० वर चालते. प्रोफाइल चालू करण्यापूर्वी ती मुकाट्याने ४८०० वर चालत होती.

ओव्हरक्लॉकिंगमध्ये मात्र मी तुमचे ऐकले नाही, हे कबूल करते. कर्व्ह ऑप्टिमायझर या सोयीने कोअरचे, म्हणजे प्रोसेसरच्या गाभ्यांचे, व्होल्टेज कमी करून त्यांना जास्त वेग गाठू देता येतो. त्यात सगळ्या सहा कोअरना सरसकट उणे ३० दिले, सिनेबेंच ही ताणाची चाचणी तीनदा बिनबोभाट पार पडले आणि मी विजयी मुद्रेने झोपायला गेले. सकाळी पाहते तर संगणक रात्रीतून दोनदा आपोआप रीस्टार्ट झालेला. पूर्ण ताणात टिकलेला प्रोसेसर रिकामा बसलेला असताना कोसळतो, हे माझ्या हिशेबी डोक्यात शिरायला वेळ लागला. हलक्या कामाच्या वेळी एखादा कोअर सर्वात वरच्या वेगावर उडी मारतो आणि नेमके तेव्हाच त्याला व्होल्टेज कमी पडते. त्यातही जे कोअर मुळातच उत्तम असतात त्यांना अशी कपात कमी सोसते, हे तुम्ही न रागावता सांगितलेत. आता दोन उत्तम कोअर उणे १० वर आणि बाकीचे चार उणे २० वर आहेत. गेल्या चार महिन्यांत तो एकदाही पडलेला नाही.

खोलीत एसी आहे का, हा तुमचा पहिल्या दिवशीचा प्रश्न मला मे महिन्यात आठवला. कूलरची परीक्षणे बहुधा वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात आणि माझ्या खोलीत दुपारी तेहेतीस असतात. ती अकरा-तेरा अंशांची तफावत प्रोसेसरच्या आकड्यात जवळजवळ जशीच्या तशी येऊन पडते. त्यामुळे उन्हाळ्यातल्या दुपारी मी प्रोसेसर इको मोडवर (कमी विजेवर) टाकते, तो ८८ वॅटच्या आत राहतो, आणि १४४०पी रिझोल्यूशनवर खेळताना भार ग्राफिक्स कार्डावरच असल्यामुळे मला खेळात फरक जाणवत नाही. एवढा खटाटोप करून ओव्हरक्लॉक केलेला संगणक वर्षातले दोन महिने मुद्दाम हळू चालवावा लागतो, यावर तुम्ही हसाल हे मला ठाऊक आहे.

तुम्ही माझ्याकडून फक्त हार्डडिस्क तपासण्याचे तीनशे रुपये घेतलेत आणि भागांपैकी एकही तुमच्या दुकानातून घ्यायला सांगितले नाहीत. आमच्या पतपेढीतल्या एका सहकाऱ्याला आता असाच संगणक जोडायचा आहे. त्याची यादी मीच तपासली आहे आणि तो येत्या शनिवारी ती घेऊन तुमच्याकडे येईल. सॉकेट, चिपसेट, रॅम आणि वॅट हे रकाने भरले आहेत. कूलरच्या उंचीचा रकाना कोरा ठेवला आहे, कारण त्याचे कॅबिनेट अजून ठरत नाही, आणि त्याला चार पट्ट्या दिव्यांच्याच हव्या आहेत.

आपली नम्र,
गिरगावची ताई