शालन, मी पुन्हा गप्प बसले

गेन्सव्हिल, जॉर्जिया
रविवार, १७ ऑगस्ट २०२५

प्रिय शालन,

सप्रेम सलाम.

तुझ्या दोन पत्रांना उत्तर नाही. जुलै महिन्यात तुझा फोन आला तेव्हा 'ड्यूटीवर आहे गं' म्हणून ठेवून दिला. ड्यूटीवर नव्हते. स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते. बोलत राहिले असते तर सगळं बाहेर आलं असतं आणि तुला सांगायची लाज वाटत होती. आज उपासनेहून आलो, विजय जेवून झोपलाय, म्हटलं आता लिहायचंच. तब्येती ठीक आहेत. विजयच्या बायपासला दोन वर्षं झाली, गोळ्या चालू आहेत. माझी शुगर काठावर.

वडाळ्याचं शिबिर आठवतं का, असं तुला विचारणार नाही. तू ते विसरणारी नव्हेस. पाण्याच्या घागरीवरून ते सगळं झालं, तू उठून बोललीस आणि मी खाली मान घालून ताटलीतला भात चिवडत राहिले. परत येताना एस.टी.त तू एकच वाक्य बोललीस, 'एस्तेर, तुझं नाव फुकट गेलं.' बायबलातली एस्तेर राणी आपल्या माणसांसाठी राजापुढे जाऊन बोलली होती, आणि मी गप्प. मग दोन वर्षं अबोला. नाताळच्या गायनात शेजारी उभं राहूनसुद्धा तू माझ्याकडे बघितलं नाहीस. (तू सूर सोडून गात होतीस, हे तेव्हाही सांगता आलं नाही, ते आज सांगते.)

शालन, मी परत तेच केलं. आणि या वेळी हात वर करायचा होता, एवढंच काम होतं.

आमच्या मंडळीत मागच्या बाकावर ग्वाटेमालाचं एक कुटुंब बसायचं. तो कोंबड्यांच्या कारखान्यात कामाला. आमचं गाव स्वतःला साऱ्या जगाची कोंबडीची राजधानी म्हणवतं आणि त्या थंडगार कारखान्यांत मांस कापायला उभी असतात ती बहुतेक अशीच माणसं. त्याची बायको चर्चचा हॉल झाडायची, पुसायची. त्यांची नऊ वर्षांची मुलगी माझ्या शब्बाथशाळेत, रविवारच्या बायबलच्या वर्गात. वचनं पाठ करण्यात सगळ्यांच्या पुढे, अगदी आपल्या नगरच्या क्लेरा ब्रूस शाळेतल्या सुमनसारखी, डोळे मिटून घडाघडा म्हणायची. मे महिन्यात त्याच्या गाडीचा मागचा दिवा बंद होता म्हणून पोलिसांनी थांबवलं. लायसन नव्हतं. आधी जेल, तिथून परदेशी लोकांची कोठडी.

त्याच्या आधीचं थोडं सांगावं लागेल. २० जानेवारीला नवं सरकार बसलं आणि दोन दिवसांत चर्च, शाळा, दवाखाने इथं धरपकड करायची नाही हा २०११पासूनचा नियम काढून टाकला. २१ तारखेला वॉशिंग्टनच्या नॅशनल कॅथीड्रलमध्ये प्रार्थना होती. अध्यक्ष ट्रम्प पहिल्या रांगेत बसलेले. बिशप मॅरिअ‍ॅन बडी व्यासपीठावरून त्यांच्याकडे बघून म्हणाल्या, जे घाबरलेले आहेत त्यांच्यावर दया करा. शेतात पिकं काढणारे, हॉटेलात भांडी घासणारे, कोंबड्यांच्या कारखान्यांत राबणारे, सगळ्यांची नावं घेतल्यासारखी तिनं कामं मोजून दाखवली. मी स्वयंपाकघरात भाकरी थापत ऐकत होते, हात थांबला. आवाज चढवला नाही, कुणाला बोल लावला नाही, फक्त दया मागितली. दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी तिनं माफी मागावी म्हणून जाहीर केलं. तिनं मागितली नाही.

त्या रविवारी आमच्याकडे कॉफीच्या वेळी लोक तिच्यावरच चिडलेले. चर्चमध्ये राजकारण आणलं म्हणून. मला कळेना, यात राजकारण कुठलं? लहानपणी आपल्याला मत्तयाचा पंचविसावा अध्याय पाठ करायला लावला होता: भुकेला, तहानेला, परका, उघडा, आजारी, तुरुंगातला. ही यादी चुकली तर पाळकीणबाई परत पहिल्यापासून म्हणायला लावायच्या. इथल्या मुलांनाही मी तीच यादी शिकवते. रसेल मूर म्हणून एक मोठे ख्रिस्ती विचारवंत आहेत. त्यांनी दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं की, बऱ्याच पाळकांना एकच अनुभव येतोय. उपदेशात 'दुसरा गाल पुढे कर' हे आलं की कुणीतरी येऊन विचारतं, ही डाव्यांची भाषा तुम्ही कुठून उचलली? हे येशूचं वाक्य आहे म्हटलं तरी माघार नाही, हल्ली ते चालत नाही म्हणे, त्यात दुबळेपणा आहे. मला आधी ते तिखटमीठ लावलेलं वाटलं होतं. आता वाटत नाही.

जूनमध्ये कमिटीची बैठक झाली. एक वकीलबाई येऊन सांगून गेल्या होत्या की, उपासनेची जागा सगळ्यांना खुली असते, पण आतल्या खोल्यांवर 'खाजगी' अशी पाटी लावली तर न्यायाधीशाच्या सहीचं वॉरंट नसताना कुणाला आत शिरता येत नाही. प्रस्ताव तेवढाच. शब्बाथशाळेच्या खोल्यांच्या दारांवर पाटी लावायची आणि त्या कुटुंबासाठी दानातून थोडी रक्कम काढायची.

विरोधात पहिले बोलले ते कॉर्नब्रेडवाले आजोबा.

तुला ते माहीत आहेत, फोटो पाठवला होता, विजयला मासे धरायला शिकवतानाचा. विजयच्या बायपासच्या वेळी हा सत्याहत्तर वर्षांचा माणूस एक दिवसाआड गाडी काढून आमच्या दारात डबा ठेवून जायचा, बेल न वाजवता. आमचं गवत कापलं. मी रात्रपाळीला गेले की विजयपाशी बसून राहायचा. या देशात आम्हाला भाऊबंद कोण, असं कुणी विचारलं तर मी त्यांचंच नाव सांगेन. त्यांनी बायबल उघडलं, रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय, अधिकाऱ्यांच्या अधीन राहा. कायदा तो कायदा, म्हणाले.

हाच अध्याय २०१८मध्ये सीमेवर आईबापांपासून पोरं वेगळी काढली तेव्हा सरकारच्या महान्यायवादींनी, जेफ सेशन्स यांनी, पुढे केला होता. पळालेले गुलाम मालकाला परत करावेत असा कायदा होता तेव्हाही व्यासपीठांवरून हाच वाचत असत. सात ओळी वाचून पुस्तक मिटतात गं. आठवी ओळ कुणी वाचत नाही, जिथं पौल म्हणतो की एकमेकांवरच्या प्रीतीखेरीज कुणाचं काही देणं ठेवू नका. मला ती ओळ तोंडपाठ होती. मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीत. माझ्या जिभेवर होती.

हात वर करायला सांगितले. पाटीच्या बाजूनं चार, विरोधात पाच. मी कुठलाच हात वर केला नाही. माझा एक हात वर गेला असता तर पाच-पाच झाले असते, मग पाळकांचं मत, आणि ते आमच्याच बाजूचे होते. मनात काय आलं सांगू? मी इथली नागरिक होऊन अठरा वर्षं झाली, तरी त्या क्षणी वाटलं की मी बोलले तर मला म्हणतील, तू बाहेरची, तुला तुझ्या लोकांचाच पुळका. आणि आजोबांचं तोंड बघवलं नसतं. अगदी वडाळ्यासारखं. तिथंही मला बोलावणाऱ्या माणसांचं मिंधेपण होतं.

पुढच्या आठवड्यात ती बाई घरी आली. हॉलच्या किल्ल्या पाकिटात घालून आणल्या होत्या. दोन आठवड्यांच्या सफाईचे पैसे तिला आगाऊ दिले होते, तेही त्यातच. काम केलं नाही तर ठेवू कशी, म्हणाली. नवऱ्याला सोडवायला वकिलाला द्यायला पैसे नाहीत, आणि ही चर्चचे पैसे परत करतेय. ते पाकीट अजून माझ्या फ्रिजवर आहे. पैसे मी तिला परत पोचवले, किल्ल्यांचं काय करू कळत नाही.

आणि ऐक, हे मला सगळ्यात अवघड जातंय. त्याच आठवड्यात आजोबा पहाटे चारला उठून तिला गाडीत घालून अटलांटाला वकिलाकडे घेऊन गेले. घरभाड्याचेही काही दिले असावेत. कुणाला सांगितलं नाही, मला तिच्याकडूनच कळलं. ज्या हातानं पाटीला विरोध केला त्याच हातानं! ढोंगी असते तर सोपं होतं. टीव्हीवर बायबल हातात धरून फोटो काढणारे पुष्कळ आहेत, २०२०मध्ये निदर्शकांना हाकलून चर्चसमोर काढलेला फोटो साऱ्या जगानं पाहिला. त्यांचा मला राग येतो आणि जातो. पण आजोबा जे डोळ्यांसमोर आहे त्याच्यासाठी जीव टाकतात आणि मतपेटीपाशी गेले की त्याच माणसाला ओळखत नाहीत. गोऱ्या सुवार्तिक (इथं इव्हँजेलिकल म्हणतात) ख्रिस्ती लोकांतल्या दहांपैकी आठांनी मागच्या निवडणुकीत ट्रम्पच्याच बाजूला मत दिलं. दहांतले आठ म्हणजे, शालन, माझ्या बाकावरचे जवळजवळ सगळे.

हे काल-परवाचं नाही, तेही कळतं. इथून अडीच-तीन तासांवर ऑगस्टा आहे. १८४५मध्ये तिथं दक्षिणेतल्या बॅप्टिस्ट पंथाच्या लोकांनी वेगळी चूल मांडली ती गुलाम बाळगणाऱ्याला मिशनरी म्हणून पाठवता यावं म्हणून. माफी मागितली १९९५मध्ये. दीडशे वर्षं! त्याच १८४५ साली गुलामीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लसनं लिहिलं की या देशाचा ख्रिस्ती धर्म आणि ख्रिस्ताचा ख्रिस्ती धर्म यांत त्याला जमीन-अस्मानाचं अंतर दिसतं.

तू म्हणशील, तरी मी तुला सांगत होते. हो, तू सांगत होतीस. चितळे रोडवर रसवंतीत बसून आपलं भांडण झालं होतं, माझा व्हिसा आला तेव्हा. मी म्हणत होते, ज्या मिशनऱ्यांनी आपल्या आज्यांना अक्षर शिकवलं त्यांच्या देशात चाललेय. तू म्हणालीस, आलेली माणसं वेगळी आणि देश वेगळा. पण माझंही पुरतं खोटं नव्हतं गं. अमेरिकन मिशनरी मिस फरार नगरला मुलींना शिकवत होत्या, ती शाळा बघून जोतीरावांनी पुण्यात शाळा काढली. आणि १८७३मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना, गुलामांना मोकळं केलं म्हणून. ते सदाचारी लोकही चर्चमध्येच बसत होते. डॉक्टर व्हायला इथं आलेल्या आनंदीबाई जोशींचं बघ. त्यांच्या शिक्षणासाठी गोपाळरावांनी लिहिलेलं पत्र कोल्हापूरच्या मिशनरी वाइल्डर साहेबांनी आपल्या मासिकात छापलं, आणि सोबत, आधी ख्रिस्ती व्हा, असा सल्ला. तेच मासिक इथल्या, न्यू जर्सीतल्या रोझेलच्या कार्पेंटरबाईंच्या हाती दातांच्या डॉक्टरकडे पडलं आणि त्यांनी लिहिलं, माझ्या घरी या. धर्म विचारला नाही. शेवटी पोरीच्या अस्थीसुद्धा आपल्या घराण्याच्या दफनभूमीत ठेवल्या. एकाच पानावरून दोन माणसं दोन वाटांनी गेली. मी रात्रपाळीत याचाच विचार करत असते.

प्लेन्सला आम्ही गेलो होतो ते तुला आठवत असेल, जिमी कार्टर शब्बाथशाळा घ्यायचे तिथं. अंधारात रांग लावली होती. त्यांची आई लिलियन अडुसष्टाव्या वर्षी नर्स म्हणून आपल्या विक्रोळीत येऊन राहिली होती, १९६६मध्ये. त्या वयात, त्या उकाड्यात! मी नर्स आहे, मला कळतं ते काय आहे. तो माणूस अध्यक्ष असतानाही बायबल शिकवायचा, आणि १९८०मध्ये सुवार्तिक मंडळी त्याला सोडून दुसरीकडे गेली. आजोबाही. मी विचारलं होतं एकदा. म्हणाले, माणूस चांगला होता, पण कणखर नव्हता. ते वाक्य मी तेव्हा सोडून दिलं. आता ते मला सोडत नाही. यांना चांगुलपणा घरात हवा आहे आणि देश चालवायला दुसरंच काही.

पुरे. सोनलचं ठरलं हे वाचून आनंद झाला, मुलगा भिंगारचा म्हणजे तुझ्या डोळ्यांसमोर राहील. गुडघ्याचं ऑपरेशन दिवाळीपुढे ढकलू नकोस, मी फिजिओचे व्यायाम लिहून पाठवते. आईंना माझा सलाम सांग. शेपूची भाजी अजून तशीच कडू करतेस का?

आता कामाचं. पुढची बैठक २६ तारखेला, मंगळवारी संध्याकाळी सात वाजता आहे. पाटीचा विषय परत घ्यावा असं मी पाळकांना लेखी दिलंय, आज सकाळीच, माझ्या सहीनं. बाहेर येऊन आजोबांनाही सांगितलं, की मी तुमच्याविरुद्ध बोलणार आहे. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत राहिले. मग विचारलं, विजयचा डबा गुरुवारी आणू का?

तुमच्याकडे तेव्हा बुधवारची पहाट असेल, साडेचार. उठशील? बैठकीच्या आधी पाच मिनिटं फोन कर. काही बोलू नकोस, फक्त मला नावानं हाक मार.

तुझी,
एस्तेर

ता. क. सोनलच्या ब्लाउजचं माप पाठव, इथं एक बाई चांगलं भरतकाम करते. तीच, किल्ल्यावाली.