व्हीपीएन काढला, पण काय काय काढले?

महाशय,

सांगली जिल्ह्यातील एका पतसंस्थेत मी संगणक विभाग सांभाळतो. विभाग म्हणजे मी एकटाच. लॉकडाऊनच्या काळात घरून काम व्हावे म्हणून एका ठेकेदाराने आमच्या पीएफसेन्स फायरवॉलवर (ऑफिसच्या नेटवर्कच्या राखणदारावर) ओपनव्हीपीएन, म्हणजे घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये येण्याचा सुरक्षित मार्ग, बसवून दिला. ऑफिसची पत्तामालिका 192.168.1, निम्म्या कर्मचाऱ्यांच्या घरच्या राउटरचीही तीच. त्यामुळे लॅपटॉपवर हिरवे चिन्ह यायचे, पण खातेवही काही उघडायची नाही. लॅपटॉप ऑफिसचा सर्व्हर घरातच शोधत बसायचा. शेवटी वैतागून व्हीपीएन काढायला सांगितले. ठेकेदाराने व्हीपीएन सर्व्हरची नोंद पुसली आणि बिल दिले.

परवा मी फायरवॉल उघडून बसलो. बाहेरच्या बाजूला यूडीपी 1194 चा, म्हणजे व्हीपीएन ज्या दारातून आत येतो ते उघडे ठेवणारा, नियम तसाच होता. ओपनव्हीपीएनच्या पानावर ‘सर्वांना सर्वत्र प्रवेश’ हा नियमही शाबूत. सर्टिफिकेट (व्हीपीएनमध्ये शिरण्याचे डिजिटल ओळखपत्र) देणारी सीए, म्हणजे सर्टिफिकेट ऑथॉरिटी, जिवंत, आणि नोकरी सोडून गेलेल्या एका क्लार्कचे खाते व सर्टिफिकेटही. आज 1194 वर ऐकणारे कोणी नाही, म्हणून लगेच धोका नाही हे खरे. पण उद्या कोणी त्याच सीएवर नवा सर्व्हर उभा केला, तर त्या क्लार्कची जुनी किल्ली पुन्हा लागू शकेल.

मग सगळे उपसले. आधी कॉन्फिगरेशनची प्रत पेनड्राइव्हवर घेतली. दोन्हीकडचे नियम, क्लार्कचे खाते, त्याचे सर्टिफिकेट, सर्व्हरचे सर्टिफिकेट आणि सगळ्यात शेवटी सीए. (सर्व्हर चालू असेल तर तो आधी पुसावा लागतो, त्याशिवाय त्याचे सर्टिफिकेट हलत नाही. आणि हे काम त्याच व्हीपीएनवरून करू नये, बसल्या फांदीवर कुऱ्हाड पडते.) माझ्याही हातून चूक झालीच. शेजारचा सीसीटीव्हीचा नियम उडाला आणि दहा मिनिटांत चेअरमनसाहेबांचा फोन, “मोबाइलवर कॅमेरा का दिसत नाही?” पीएफसेन्स प्रत्येक बदलाआधीची स्थिती तारीखवेळेनिशी जपून ठेवते, म्हणून एक पायरी मागे जाऊन निभावले.

आमच्याकडे लेखापरीक्षक खुर्च्या मोजतात, फायरवॉलचे नियम कोणी विचारत नाही. ठेकेदाराच्या बिलावर ‘व्हीपीएन काढणे’ एवढीच ओळ होती. यापुढे त्या ओळीखाली कोणते नियम, कोणती खाती, कोणती सर्टिफिकेटे काढली ते लिहून सही केल्याशिवाय बिल पुढे पाठवायचे नाही, असे मी ठरवले आहे. इतर संस्थांनीही तसे करावे.

– एक वाचक, सांगली