बधिर करणारी पट्टी लावा, पण घड्याळ पाहून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नागिणीचे फोड सुकले, खपल्या पडल्या की घरचे म्हणतात, झाले, बरी झाली. म्हाताऱ्या माणसांचे खरे हाल पुष्कळदा तिथून पुढे सुरू होतात. फोड होते त्याच पट्ट्यात आग, टोचणी, मधूनच विजेसारखी चमक. अंगावरचे कापड सरकले तरी जीव कासावीस होतो. फोड बरे झाल्यावरही तीन महिन्यांहून जास्त हे दुखणे टिकले तर ती मज्जातंतूची वेदना समजतात. साध्या अंगदुखीच्या गोळ्यांना ती फारशी दाद देत नाही. एवढ्या एका जागेच्या दुखण्यासाठी लिडोकेन या बधिर करणाऱ्या औषधाची, अंगावर चिकटवायची पट्टी मिळते. काही खोक्यांवर लिग्नोकेन लिहिलेले असते, औषध तेच. आता ती आपल्याकडे तालुक्याच्या मेडिकलमध्येही दिसू लागली आहे. पट्टी कामाची आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ती कशी वापरायची हे मात्र घेणाऱ्याला कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

मी आरोग्यसेविका होते, आता निवृत्त आहे. गावातल्या बाया अजून दाखवायला येतात. मागच्या वेचणीच्या दिवसांत शेजारच्या आजींची पट्टी पाहिली. बरगडीखाली, लुगड्याच्या आत. कडा उचकटलेल्या, त्यांना मळ आणि कापसाचे तंतू चिकटलेले, आणि वरून तव्यावर तापवलेल्या फडक्याचा शेक चालू. पट्टी परवापासूनची होती. काढा म्हटले तर म्हणाल्या, ‘‘काहून काढू व बाई? पैसे मोजले हायत. निंगन तवा निंगन.’’

त्यांना दोष कसा देणार? कंबर धरली की बेलाडोनाचे भोकाभोकांचे प्लास्टर लावायचे आणि ते आपोआप सुटेपर्यंत ठेवायचे, ही आपल्याकडची जुनी रीत. दुखऱ्या जागी शेक देणे तर आईच्या दुधाबरोबर शिकलेले. त्यात ही पट्टी महाग. महाग वस्तू पुरवून वापरावी, हा कास्तकाराच्या घरचा नियमच आहे. लिडोकेनच्या पट्टीला या तिन्ही सवयी चालत नाहीत, हे त्यांना कळावे तरी कुठून?

५ टक्क्यांची जी पट्टी डॉक्टर लिहून देतात ती साधारण १० सेंटीमीटर रुंद आणि १४ सेंटीमीटर लांब असते, आणि तिच्यात ७०० मिलिग्रॅम लिडोकेन असते. ती चोवीस तासांत जास्तीत जास्त १२ तास ठेवायची. मग काढायची आणि पुढचे १२ तास अंगावर एकही पट्टी नको. दुखणारी जागा मोठी असेल तर एका वेळी तीनपर्यंत लावता येतात, त्याहून जास्त नाही. या रीतीने वापरली तर जेमतेम ३ टक्क्यांच्या आसपास औषध रक्तात जाते, बाकीचे पट्टीतच राहते. म्हणून ती निर्धोक. पण जास्त वेळ ठेवली, जास्त पट्ट्या लावल्या, सोललेल्या कातडीवर लावली किंवा वरून शेक दिला, की हे प्रमाण वाढते. आणि लिडोकेन नुसते कातडीवर थांबणारे औषध नव्हे. हृदयाचे ठोके बिघडले तर दवाखान्यात हेच औषध शिरेतून देतात. रक्तात जास्त गेले तर ते मेंदूवर आणि हृदयावर परिणाम करणारच. ओठ-जीभ बधिर होणे, कानात आवाज, चक्कर, डोळ्यांपुढे अंधुक, हातपाय थरथरणे ही त्याची पहिली लक्षणे. पुढे झटकेही येऊ शकतात. असे काही वाटले तर पट्टी लगेच काढावी, जागा पाण्याने धुवावी आणि दवाखाना गाठावा किंवा १०८ ला फोन करावा.

आणखी एक गैरसमज मी वारंवार ऐकते. ‘जागा बधिर झालीच नाही, म्हणजे पट्टी खोटी’ असे म्हणून लोक तिच्याशेजारी दुसरी चिकटवतात. दात काढताना सुईने हिरडी जशी मेल्यासारखी होते तसे इथे होत नाही आणि व्हायलाही नको. पट्टीतून कातडीत उतरणारे औषध चिडलेल्या मज्जातंतूंचे खोटे निरोप थोपवण्यापुरते असते. स्पर्श कळतच राहतो. आग कमी झाली, झोप लागली, म्हणजे पट्टीने काम केले.

फोड ओले असताना किंवा खपली धरलेली असताना ती अजिबात लावू नये. आपल्याकडे आधी गेरूचा लेप, झाडपाला, मंत्र होतो, जागा चिघळते आणि मग मेडिकलचा रस्ता दिसतो. दोन टोके जुळून वेढा पुरा झाला की माणूस जातो, ही भीती अजून घराघरात आहे. नागीण एका नसेच्या वाटेने उठते, म्हणून बहुधा शरीराच्या एकाच बाजूला राहते. भीती बाळगायची तर उशिराची बाळगावी: विषाणूवरच्या गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाल्या तर त्यांचा उपयोग सर्वांत चांगला होतो. मांत्रिकाकडे गेलेले तीन दिवस परत मिळत नाहीत.

कातडी पूर्ण भरून आल्यावर, अंग पुसून कोरडे करून, सर्वांत जास्त दुखते तिथे पट्टी लावावी. केस असतील तर कात्रीने बारीक करावे, वस्तरा फिरवू नये. जागा लहान असेल तर मागचा कागद काढण्याआधी पट्टी कापून घेता येते. पट्टी अंगावर असताना आंघोळ नको. आपल्या उन्हाळ्यात, पारा ४५ च्या वर जातो तेव्हा, घामाने ती टिकत नाही. वावरात जाणाऱ्याने दिवसा लावून ती पऱ्हाटीत हरवण्यापेक्षा रात्री लावता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. लावल्यावर हात धुवावेत, तोच हात डोळ्याला लागू नये. जागा फार चुरचुरली, लाल झाली तर काढून टाकावी. यकृताचा आजार आहे, हृदयाच्या ठोक्यांची गोळी चालू आहे, किंवा बधिर करणाऱ्या सुईने पूर्वी त्रास झाला होता, तर हे आधी सांगावे.

आणि कोणतेही दुखणे पट्टीने दाबू नये. छातीत डावीकडे दुखते आहे, अजून कोणी तपासलेले नाही, तिथे पट्टी लावून झोपणे म्हणजे जिवाशी खेळ. मधुमेहाने पाय बधिर पडलेल्या माणसाने जखमेवर किंवा भेगांवर ती लावणेही तितकेच वाईट.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती काढलेल्या पट्टीची. आपण ती संपली समजून उकिरड्यावर फेकतो. पण ७०० मिलिग्रॅमपैकी साडेसहाशेहून जास्त औषध अजून तिच्यात असते. रांगते मूल, कुत्रे, शेळीचे पिल्लू, कोणीही ती चघळू शकते, आणि लहान जिवाला एवढे औषध घातक ठरू शकते. नातू आजीजवळ एकाच बाजेवर झोपतो. रात्री सुटलेली पट्टी त्याच्या हाताला लागायला कितीसा वेळ? चिकट बाजू आत घेऊन पट्टी दुमडावी आणि झाकणाच्या डब्यात टाकावी. नवी पट्टीही देवळीत उघडी ठेवू नये. मुलाने तोंडात घातलीच तर ओकारी काढत बसू नये. तोंडातला तुकडा काढून, पट्टीचे पाकीट बरोबर घेऊन, सरळ दवाखान्यात जावे.

औषधविक्रेते गोळ्यांच्या पाकिटावर पेनाने सकाळ-संध्याकाळच्या खुणा करून देतात. पट्टीच्या खोक्यावर ‘१२ तास लावा, १२ तास मोकळे, शेक नको’ एवढे मराठीत लिहायला कितीसा वेळ लागेल? डॉक्टरांनी चिठ्ठीवर लावायची आणि काढायची वेळ लिहावी. प्राथमिक आरोग्य केंद्रांनी हे आशाताईंना समजावून द्यावे, कारण म्हातारी माणसे खोक्यातला बारीक इंग्रजी कागद वाचत नाहीत, आशाताईचे ऐकतात. आपण आपल्या पेपरच्या आरोग्याच्या पानावर मोठ्या अक्षरात ही माहिती छापलीत तर ते कात्रण मी आमच्या उपकेंद्राच्या भिंतीवर स्वतः चिकटवीन.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. दारव्हा, जि. यवतमाळ