केप अडेअरचं बारसं

प्रिय अविनाश,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. जिथे चिटपाखरू राहत नाही अशा बर्फाळ किनाऱ्यांवर इतक्या माणसांची नावं कुणी चिकटवली, असं विचारलंयस. चिटपाखराचं जरा चुकलंच तुझं, पण ते पुढे. आज एकाच जागेचं सांगतो: केप अडेअर. अंटार्क्टिकात रॉस समुद्राच्या तोंडाशी, त्याच्या पश्चिम बाजूला पाण्यात घुसलेलं भूशिर. दगड आपल्या सह्याद्रीचाच, काळा बेसॉल्ट.

हे टोक शोधणारा ब्रिटिश नौदलाचा कप्तान जेम्स क्लार्क रॉस, त्याला जमीन नकोच होती. तो दक्षिण चुंबकीय ध्रुवामागे, म्हणजे होकायंत्राची सुई जिथे सरळ उभी राहते त्या दक्षिणेकडच्या जागेमागे, लागला होता. वाटेत टास्मानियातल्या होबार्ट बंदरात त्याला कळलं की फ्रेंच द्युर्विल आणि अमेरिकन विल्क्स त्याच्या ठरल्या बाजूला आधीच जाऊन आलेत. गडी चिडला आणि त्याने मुद्दाम आणखी पूर्वेची वाट धरली. ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही शिडाची जहाजं तरंगत्या बर्फातून धडका खात पार झाली. पुढे मोकळं पाणी! आता ध्रुवच गाठायचा, अशी आशा वाटत असताना ११ जानेवारी १८४१ला समोर हिमाच्छादित डोंगर दिसले. वाट बंद. ज्या शोधामुळे तो अमर झाला, तो त्याच्या दृष्टीने आधी अडथळाच होता. मला हे फार आवडतं.

मग बारसं. टोकाला नाव दिलं मित्राचं. व्हायकाउंट अडेअर, पार्लमेंटचा सभासद, मोहिमेबद्दल आस्था असलेला. डोंगररांग नौदल खात्याच्या नावे आणि सगळा मुलूख राणी व्हिक्टोरियाच्या. सरकारी पैशाने निघालेला माणूस दुसरं काय करणार?

गंमत पुढेच आहे. १८९९मध्ये बोर्चग्रेव्हिंक हा नॉर्वेचा संशोधक दहा जणांची तुकडी घेऊन तिथे उतरला. खंडाच्या भूमीवर हिवाळा काढणारी ही पहिलीच माणसं. लाकडी घरं उभी केली, त्या पुळणीला त्याने आईच्या माहेरचं नाव दिलं, रिडली. आणि त्याच पुळणीवर लाखो पेंग्विनांचा कलकलाट, जगातल्या सर्वांत मोठ्या वसाहतींपैकी एक. कोणते पेंग्विन? अडेली! म्हणजे द्युर्विलच्या बायकोचं नाव. ज्याची वाट टाळून रॉस इकडे वळला, त्याचीच बायको इथे लाखांनी नांदतेय.

बोर्चग्रेव्हिंकचा प्राणिशास्त्रज्ञ निकोलाय हॅन्सन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथे वारला. त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला वर कड्यावर पुरलं. खंडावरची ही पहिली ज्ञात कबर. मला विचारशील तर त्या टोकावर खरा हक्क त्याचा.

अरे हो, त्याआधी १८९५मध्ये एका जहाजातून काही जण इथे उतरले होते. पहिलं पाऊल कुणाचं, यावरून त्यांच्यातल्या तिघांनी आपापला दावा सांगितला. एकाच होडीतून उतरलेली माणसं ती!

तुझ्याकडच्या जाड नकाशाच्या पुस्तकात ७१ अंश दक्षिण, १७० अंश पूर्व बघ, आणि आसपासची नावं मला लिहून पाठव. माझ्या नकाशात तिथे नुसता पांढरा रंग आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
श्रीधर