बर्फातल्या ट्रेकला सह्याद्रीची सवय नडते

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

डिसेंबर उजाडला की नाशिकरोडच्या फलाटावर मोठाल्या सॅक पाठीला लावलेली मित्रमंडळी दिसू लागतात. त्यांतल्या बऱ्याच जणांचे ठिकाण ठरलेले असते, उत्तराखंडातले केदारकंठा शिखर. साल्हेर, हरिहर, कळसूबाई करून पाय तयार झालेले असतात. पण त्याच भटकंतीत अंगवळणी पडलेल्या काही गोष्टी बर्फात जिवावर बेततात. जानेवारीतल्या तुकड्या निघण्याआधी त्या स्पष्ट सांगणे आम्हाला गरजेचे वाटते.

आधी उंचीचा हिशेब. नाशिक शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर, साल्हेर १,५६७ आणि कळसूबाई १,६४६ मीटर. केदारकंठ्याच्या पायथ्याचे सांकरी गावच सुमारे १,९५० मीटरवर आहे. म्हणजे आपल्याकडे चढाई जिथे संपते, त्याच्याही वर तिथली सुरू होते. माथा ३,८०० मीटरच्या आसपास. तिथे हवेचा दाब नाशिकच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो आणि श्वासागणिक मिळणारा प्राणवायूही त्याच मापाने घटतो. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, वाऱ्याचा बोचरेपणा वेगळाच.

सगळ्यात जास्त नडतो तो घाम. सह्याद्रीत सुती टी-शर्ट भिजला तर माथ्यावरच्या वाऱ्याला वाळतो, कोणी लक्षही देत नाही. बर्फात सुती कापड घाम धरून ठेवते आणि ओले कापड अंगातली ऊब झपाट्याने ओढून घेते. चालताना हे जाणवत नाही. थांबून सॅक खाली ठेवली की पाठीवरचा भिजलेला चौकोन दोन मिनिटांत गारठतो आणि दात वाजू लागतात. म्हणून अंगालगत लोकरीचे किंवा सिंथेटिक थर्मल, त्यावर फ्लीस, म्हणजे मऊ, लवदार उबदार कपडा, आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारे जॅकेट. पिसांचे जाड जॅकेट चालताना घालायचे नसते, थांबल्याबरोबर अंगावर चढवायचे असते. निघताना किंचित थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत असे समजावे. पंधरा मिनिटांनी थांबून, घाम फुटायच्या आत, एक थर उतरवावा. जीन्स घरीच राहू द्यावी. झोपण्यासाठी एक कोरडा जोड, मोज्यांसकट, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवावा आणि काही झाले तरी तो चालताना घालू नये.

काकडणारा माणूस अजून बरा. काकडणे थांबले, जीभ अडखळू लागली, जॅकेटची चेन लावता येईना, की शरीर हरत चालले आहे हे ओळखावे. ओले कपडे उतरवून कोरडे घालावेत, स्लीपिंग बॅगेत झोपवावे, शुद्धीवर असेल आणि गिळता येत असेल तर गोड गरम पेय द्यावे. बधिर होऊन पांढरी पडलेली बोटे चोळू नयेत. दारू तर नकोच, तिने त्वचेकडे रक्त जास्त जाते, ऊब वाटते आणि प्रत्यक्षात उष्णता बाहेर पडते. जून २०२४ मध्ये उत्तराखंडातच, सहस्रतालच्या वाटेवर, हिमवादळात अडकलेल्या कर्नाटकातील तुकडीतले नऊ जण दगावले. तो तर उन्हाळा होता.

दुसरी सवय पुढे पळण्याची. कळसूबाईला जो आधी पोहोचतो तो वर बसून बाकीच्यांची वाट बघतो. हिमालयात धापा टाकत पळणाऱ्यालाच उंची आधी लागण्याची, म्हणजे विरळ हवेचा त्रास होण्याची, भीती. केदारकंठ्याच्या नेहमीच्या कार्यक्रमात जुडा का तालाब, म्हणजे सुमारे २,८०० मीटर, हा पहिला मुक्काम आणि दुसरा ३,४०० च्या आसपास. तीन हजारांच्या वर झोपण्याची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा वैद्यकीय दंडक आहे. हा कार्यक्रम त्यात बसत नाही. सांकरीत एक रात्र जास्तीची काढली तर शरीराला सवय व्हायला वेळ मिळतो. सुट्टीचा एक दिवस गेला तरी चालेल, हा दिवस वाचवू नये.

डोके दुखते आहे आणि जोडीला मळमळ, भूक नसणे किंवा गरगरणे आहे, तर उंचीच लागली असे धरून चालावे आणि वर चढू नये. एका सरळ रेषेत टाचेपुढे टाच ठेवून दहा पावले चालता येईनात, किंवा बसल्या जागी दम लागून खोकला येऊ लागला, तर त्याच क्षणी खाली उतरवावे, रात्र असली तरी. डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, सल्फाची ॲलर्जी असल्यास तसे आधी सांगावे. गोळी घेतली म्हणून दुखऱ्या डोक्याने वर जाता येत नाही. खरी अडचण अशी की मित्रांच्या ग्रुपमध्ये डोकेदुखी लपवली जाते, ‘माझ्यामुळे सगळ्यांचा समिट नको हुकायला’. म्हणून रोज संध्याकाळी एकेकाला नाव घेऊन विचारावे. आजाऱ्याबरोबर कोणते दोघे खाली उतरणार, ती नावे नाशिकमध्येच ठरवावीत.

हरिहरच्या कातळावर धरणारा बूट तुडवलेल्या बर्फावर धरत नाही. समिटच्या पहाटे ती वाट रात्रभरात काचेसारखी कडक झालेली असते. मायक्रोस्पाइक, म्हणजे बुटावर चढवायचे धातूचे दात, लागतात ते तिथे, आणि चढताना लागतात त्याहून जास्त उतरताना. ते पायांत असताना बसून घसरगुंडी मात्र कधीही करू नये, दात बर्फात अडकून घोटा मोडतो. गेटर, म्हणजे बुटाचे तोंड आणि पोटरी झाकणारी आवरणे, नसतील तर बर्फ बुटात शिरून मोजे भिजतात. संध्याकाळी बुटांच्या नाड्या पूर्ण सैल करून ठेवाव्यात, गोठलेल्या बुटात सकाळी पाय जात नाही. ताजा बर्फ अतिनील किरणांपैकी ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, त्यामुळे हे किरण अडवणारा यूव्ही ४०० चा, बाजूंनी बंद असलेला गॉगल हवाच. परतीची वेळ निघण्याआधी ठरवावी. सकाळचे दहा ठरले तर दहा म्हणजे दहा, माथा शंभर पावलांवर असला तरी.

पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवावी. बर्फ वरून धरतो, तोंड मोकळे राहते. मोबाइल आणि पॉवर बँक रात्री स्लीपिंग बॅगेत. तंबूत शेगडी किंवा निखारे कधीही नेऊ नयेत, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठत नाही.

नाशिकमधून तुकड्या नेणाऱ्या आयोजकांना आमची कळकळीची विनंती आहे. वैद्यकीय दाखल्यावर थांबू नका. गाडी सुटण्याच्या आठवडाभर आधी सगळ्यांच्या सॅक एका अंगणात रिकाम्या करायला लावा, एकेक वस्तू हातात घेऊन बघा, सुती कपडे तिथेच बाजूला काढा. काही कमी पडले तर भाड्याने मिळवायला किंवा विकत घ्यायला तेव्हा वेळ असतो. सांकरीत पोहोचल्यावर मिळेल ते, मिळेल त्या मापाचे घ्यावे लागते आणि सैल बुटावर बसवलेला स्पाइक पहिल्याच उतारावर निघून येतो.

आपले विश्वासू,
गिरिभ्रमण प्रशिक्षक, नाशिक