लिलावाच्या नोटिशीबद्दल वसंतास

आंजर्ले, ता. दापोली

प्रिय वसंतास,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या पत्रांना उत्तर राहिले, त्याबद्दल मनसोक्त रागव. पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. आईचे गुडघे तसेच आहेत, माझा रक्तदाब गोळीवर चालला आहे. आपल्या घराच्या लिलावाची जाहिरात वर्तमानपत्रात आली. ज्या माजघरात तू दहावीपर्यंत राहिलास, ते तिच्यात ‘जुने कौलारू बांधकाम’ एवढ्यावर आटोपले आहे.

नानाने पर्यटकांच्या खोल्यांसाठी काढलेले कर्ज तुला ठाऊक आहे. आधी टाळेबंदी आली आणि मग ३ जून २०२० च्या निसर्ग वादळाने पोफळी आडव्या करून खोल्यांचे पत्रे उडवले. कर्ज आम्ही नाकारत नाही. आमचा तंटा लिलावाच्या रीतीशी आहे. सरफेसी या कर्जवसुलीच्या कायद्याखाली बँकेला न्यायालयात न जाता घर विकता येते, म्हणूनच प्रत्येक पायरी नियमाप्रमाणे चढणे तिला भाग आहे. ६० दिवसांत थकबाकी भरा, या मागणी नोटिशीवर नानाने लेखी हरकत घेतली होती; १५ दिवसांत कारणांसह यायला हवे ते उत्तर आलेच नाही. पहिल्या विक्रीची सूचना कर्जदाराला ३० दिवस आधी मिळायला हवी. आमच्या दारावर ती चिकटवली तेव्हा लिलावाला पंधरवडाच उरला होता. राखीव किंमत, म्हणजे लिलावातली किमान बोली, ज्याच्या अहवालावरून ठरली, त्या मूल्यांककाने गडग्यापलीकडूनच फोटो काढले. आई म्हणाली, ‘‘घर बघायला आला आणि चहा न घेता गेला, म्हणजे स्थळ पसंत नाही.’’

खरी धास्ती वेगळीच आहे. पूर्वी विक्री पुरी होईपर्यंत पैसे भरून घर सोडवता येत असे. २०१६ च्या दुरुस्तीने हा हक्क विक्रीची नोटीस प्रसिद्ध होईपर्यंतच ठेवला आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच अर्थ लावला. मामांनी पैसे देऊ केले ते जाहिरातीनंतर, त्यामुळे बँक ते घेईलच असे नाही. नोटीसच सदोष ठरली तर ही वाट पुन्हा उघडेल, असे वकीलबाईंचे मत आहे. दिवाणी न्यायालयाला यात हात घालता येत नाही, म्हणून कलम १७ खाली कर्जवसुली न्यायाधिकरणात ४५ दिवसांच्या मुदतीत अर्ज करायचा आहे. नुसत्या अर्जाने लिलाव थांबत नाही, स्थगिती वेगळी मागावी लागते. एक बरे, की अर्जासाठी मागणीच्या ७५ टक्के रक्कम भरण्याची जुनी अट सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच रद्द केली. नाही तर गरिबाने दाद मागायची आधी श्रीमंत होऊन!

कोर्टकचेरीबद्दलचे तुझे मत मला ठाऊक आहे. गडग्याच्या भांडणात तू शेजाऱ्याची बाजू घेतलीस, तेही विसरलेलो नाही. तरी मागतो: छप्पर बदलताना तू मोजमापासह काढलेला घराचा नकाशा अजून तुझ्याकडे असेल. जांभ्याच्या भिंतींची जाडी, पडवी, विहीर, सारे त्यात आहे, आणि मूल्यांककाच्या अहवालाला उत्तर म्हणून तो जोडायचा आहे.

मुलीचे लग्न ठरल्याचे कळले, आनंद झाला. वहिनींना नमस्कार. नकाशा मूळच पाठव, मोबाइलवरचा फोटो नको, आणि मागे तुझी सही नसेल तर आधी कर.

तुझा,
अनंत