कोल्हापूरचं ठरलं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू चिडलास. एमएस्सी फिजिक्ससाठी पुण्याच्या यादीत नाव लागलेलं असताना मी कोल्हापूर धरतोय, हे तुला पटत नाही. वर तू स्वतःच्या खोलीतली जागाही देऊ केलीस. घरात सगळे बसलेले, त्यामुळे मला मोकळेपणानं बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

पुण्याची ओढ मला नाही असं समजू नकोस. विद्यापीठाच्याच आवारात आयुका आहे, नारळीकर सरांनी उभी केलेली खगोलशास्त्राची संस्था. शाळेत असल्यापासून मी त्या आवारात शिकायचं म्हणत आलोय, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत? पण यंदा तेल्या रोगानं डाळिंबाची बाग गेली. अण्णांनी सोसायटीचं कर्ज नवं-जुनं केलंय. फी कशीही निघेल, शिष्यवृत्तीचा अर्ज भरलाय. अडतंय ते राहण्या-जेवणावर. पुण्यात कॉट बेसिसवर राहायचं म्हटलं तरी आधी डिपॉझिट, मग महिन्याचं भाडं, मग मेस. दर महिन्याला अण्णांकडं पैसे मागायचे आणि त्यांनी कुणाकडं तरी मागायचे, हे माझ्यानं दोन वर्षं बघवणार नाही.

‘कमवा आणि शिका’ योजना पुण्यातही आहे, हे तुझं म्हणणं बरोबर. तिथं कामाच्या तासावर मानधन मिळतं आणि त्यावर शिकून कितीतरी पोरं मार्गी लागलीत. पण वसतिगृहाची खोली त्यात येत नाही, तिची यादी वेगळी. गरजू पोरांच्या राहण्या-जेवणाची सोय करणाऱ्या विद्यार्थी साहाय्यक समितीचंही तू सुचवलंस. अच्युतराव आपट्यांनी १९५५ साली सुरू केलेलं ते काम किती मोठं आहे, ते मला ठाऊक आहे. पण तिथली निवड मुलाखतीनं होते. प्रवेश एकीकडं आणि राहण्याची सोय दुसरीकडं, ही दोन्ही गणितं एकाच वेळी जुळतील याच्या भरवशावर मी घर सोडू शकत नाही.

कोल्हापूरला राहणं, जेवण आणि काम एकाच ठिकाणी आहे. तिथल्या शिवाजी विद्यापीठाचं ‘कमवा आणि शिका’चं विद्यार्थी भवन मी बघून आलो. आपल्याच भागातला, शेवटच्या वर्षाचा एक मुलगा भेटला. सकाळचं काम आटोपून आला होता, झाडांची आळी केल्यानं नखांत तांबडी माती होती. बोलता बोलता त्यानं हात धुतले, ताट वाढून घेतलं, शेजारी प्रॅक्टिकलची जर्नल उघडी ठेवली आणि जेवता जेवता दुपारची रीडिंग्ज बघत बसला. मी विचारलं, काम करून अभ्यास होतो का? तो म्हणाला, ‘दिवसाला वळण लागतं. गावाकडं जनावरांचं करून शाळेला जात नव्हतो व्हय आपण?’ कुणाला ग्रंथालयात काम, कुणाला ऑफिसात, कुणाला बागेत. मेहरबानी केल्यासारखं कुणी वागत नाही. मला सगळ्यात जास्त हेच भावलं. काम करून मिळालेल्या भाकरीवर वर्गात ताठ मानेनं बसता येतं.

आणि हे त्या मातीतलंच आहे रे. शाहू महाराजांनी १९०१ साली कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पुढं एकेका समाजासाठी वसतिगृहं उभी राहिली. त्याच कोल्हापुरात शिकलेल्या भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली. आमचा आज्जा साताऱ्याला त्यांच्याच बोर्डिंगात होता. शेतात राबायचं आणि शिकायचं, हे तो मरेपर्यंत अभिमानानं सांगायचा. शिवाजी विद्यापीठ १९६२ सालचं. पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार, त्या भवनाला त्यांचंच नाव आहे. माझ्यासारखी पोरं येणार, हे धरूनच ही माणसं कामाला लागली होती.

शिक्षणात मी काही गमावतोय असंही नाही. थिन फिल्म म्हणजे पदार्थाच्या अतिपातळ थरांवरच्या संशोधनात कोल्हापूरच्या फिजिक्स विभागाचं नाव आहे. खगोलशास्त्राची आस सुटलेली नाही. आयुकाचा उन्हाळी सुट्टीतला कार्यक्रम असतो, पहिलं वर्ष झाल्यावर त्याला अर्ज करणारच. निवड झाली तर तेव्हा तुझ्याकडं हक्कानं येऊन राहीन. पण दोन वर्षं नाही. तुमच्या खोलीत आधीच तिघं आणि तुझी राज्यसेवेची मुख्य परीक्षा तोंडावर. तू मनापासून म्हणतोयस, यात मला तिळमात्र शंका नाही, म्हणूनच मी ते घेणार नाही.

आईला एकच गोष्ट खटकतेय: पदवीधर झालेल्या पोरानं लोकांच्या बागेत खुरपं का धरायचं? अण्णा काही बोलले नाहीत. रात्री फक्त विचारलं, जेवण पोटभर असतंय का? मी हो म्हणालो.

सोमवारी फी भरायला निघतोय. तुझ्या खोलीवर माझी गणिताची दोन पुस्तकं राहिलीत. कुणी गावाकडं येणारं असेल तर त्याच्याकडं दे. आणि परीक्षा होईपर्यंत या पत्राला उत्तर लिहीत बसू नकोस, अभ्यास कर.

तुझाच